सड्यावरचं पाचवं वळण

जगात आजवर जितकी न्याय्य आंदोलनं फसली असतील, त्यांतली निम्मी तरी आमच्या धाकट्या मामांसारख्या माणसांमुळे फसली असणार, याबद्दल माझी खात्री आहे. मामा कधी कुणाच्या विरोधात गेले असं नाही. विरोधकाशी निदान भांडता तरी येतं. मामा सगळं शांतपणे ऐकून घेत, मान डोलवत, ‘बरोबर आहे गो तुझं, शंभर टक्के बरोबर’ असंही म्हणत, आणि मग खिशातून तांदळाच्या दाण्याएवढा स्क्रू काढून उजेडाकडे धरत विचारत, ‘ह्याचे आटे गेलेत का बघ जरा तुझ्या तरुण डोळ्यांनी.’ मी तासभर घसा कोरडा करून मांडलेला पाण्याचा, जमिनीचा, माणसाच्या हक्काचा प्रश्न त्या दाण्याएवढ्या स्क्रूच्या आट्यांत अडकून बसे. माझ्या वडिलांचा रत्नागिरीत छोटा छापखाना होता. लग्नपत्रिकांवर घर चाले आणि वडिलांचा जीव मात्र पत्रकांवर. मुळाक्षरंसुद्धा मी पत्रकांवरूनच गिरवली, त्यामुळे ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ हे शब्द मला ‘कमळ’ आणि ‘गवत’ यांच्या आधी आले. अशा मुलीला नशिबाने मामा दिला तो हा, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी रिमोटवरची गाडी खेळणारा.

‘खेळणारा’ हा शब्द मी मुद्दाम वापरते, कारण तो मामांना खपत नसे. एरवी मुंगीलाही न दुखावणारा हा माणूस कुणी त्या गाडीला खेळणं म्हटलं की लाल होई. ‘खेळणं दुकानातून तयार येतं आणि मोडलं की टाकतात. ही आपण हाताने बांधायची, मोडली की परत बांधायची. खेळणं कसलं, यंत्र आहे ते!’ मामा मालवाहू बोटीवर इंजिनखात्यात होते. तरुणपणी जपानच्या कुठल्याशा बंदरात ते आणि हर्णैचा त्यांचा एक जोडीदार किनाऱ्यावर उतरले. बाकीच्यांनी बायकांसाठी साड्या आणि घड्याळं घेतली, या दोघांनी सुट्या भागांचे दोन खोके घेतले. बोट रिकामी असली की खालच्या भल्यामोठ्या कोठारात दोघं आपापल्या गाड्या पळवत. लोखंडी तळ, चारी बाजूंना लोखंडी भिंती आणि वर चौकोनी आकाश, असं ते वर्णन मी इतक्यांदा ऐकलं आहे की ती बोट मी डोळे मिटून रंगवू शकेन. पुढे लग्न झालं. पहिल्याच रजेत तुळशीच्या लग्नाच्या दिवशी मामीने सारवून, रांगोळी घालून ठेवलेल्या खळ्यातून मामांनी गाडी नेली. ओल्या शेणातून चार चाकांच्या रेघा थेट तुळशीपर्यंत गेल्या आणि तिथून गाडी थेट माळ्यावरच्या ट्रंकेत गेली. तिकडे हर्णैचा जोडीदार बोट सोडून आखातात गेला आणि तिकडचाच झाला.

पंधरा-सोळा वर्षं गाडी ट्रंकेत आणि मामा समुद्रावर, असं सगळं सुरळीत चाललं होतं. अठ्ठ्याण्णव साली मामांची पाठ धरली, त्यांनी बोट कायमची सोडली आणि ते घरी आले. गणपतीच्या आधी मामीने त्यांना माळ्यावर मखर काढायला पाठवलं. दोन तासांनी मामा खाली आले. अंगभर जाळी, मिशीत धूळ, आणि हातात गाडी. मखर त्या वर्षी शेजाऱ्यांनी काढून दिलं.

त्यानंतर त्या घरात माणसाने कुठे बसावं हा प्रश्न निर्माण झाला. आरामखुर्चीवर चाकं वाळत. दात घासायच्या ब्रशांपैकी कुठला दातांचा आणि कुठला गिअरचा हे फक्त मामांना माहीत होतं, आणि पाहुण्यांना ते उशिरा कळे. बॅटरी चार्ज होत असताना कुणी मिक्सर लावायचा नाही, इस्त्री लावायची नाही. वीज गेली की मामा अंगणातल्या स्कूटरच्या बॅटरीला तारा जोडून स्वतः शेजारी स्टुलावर बसत, जणू सलाईन लावलेल्या पेशंटच्या उशाशी बसलेत. डाग द्यायचं कथील ते मामीच्या तुपाच्या चमच्यात वितळवत. आमच्या घरून मी वाटायला पाठवलेल्या पत्रकांचा गठ्ठा एकदा मला जसाच्या तसा त्यांच्या टेबलावर सापडला. फक्त वरची पंधरा-वीस पत्रकं उपडी पसरलेली होती आणि त्यांवर गाडीचं आतडं मांडलेलं होतं. ‘मामा, ही लोकांना द्यायला दिली होती!’ मी किंचाळले. मामा अगदी कौतुकाने म्हणाले, ‘कागद छान आहे हो तुझ्या पत्रकाचा. तेल लगेच पितो.’

रविवारी सकाळी मामा बोटीवरचा जुना निळा डगला-विजार-एकत्र पोशाख चढवून सड्यावर जात. आमच्याकडचा सडा म्हणजे वाडीच्या डोक्यावरचं कातळाचं पठार. जांभ्याचा काळा, सपाट, मैलभर पसरलेला दगड. पावसात त्यावर पाणी साचतं, रानफुलं येतात, आणि तेच पाणी झिरपत झिरपत खाली वाडीच्या विहिरीला येतं. दिवाळीनंतर गवत पिवळं पडतं आणि गुरं तिथे चरतात. मला दिसायचा तो हा सडा. मामांना तिथे रस्ता दिसायचा. चुन्याने आखलेली कडा, वळणावळणावर नारळाची सोडणं मांडलेली, उडी मारायला आंब्याच्या पेटीच्या फळ्या. एकूण सहा वळणं. त्यातलं पाचवं म्हणजे मामांच्या आयुष्याचं सार. कातळालाच तिथे निसर्गतः उतार होता आणि गाडी कड न सोडता पूर्ण वेगात वळे. ‘असं वळण माणसाला बांधता यायचं नाही गो,’ मामा म्हणत. एवढी भक्ती त्यांनी देवळात दाखवली असती तर गुरवाने त्यांना पुढची जागा दिली असती. वाडीतली म्हातारी माणसं गुरं हाकताना थांबून बघत आणि म्हणत, ‘बोटीवरनं येताना डोकं तिथंच ऱ्हायलं वाटतं.’ मामा त्यांनाही हात हलवून दाखवत.

आणि अशा माणसाच्या हातात आमच्या आजोळच्या वाडीचं पाणी येऊन पडलं.

झालं असं की एका कंत्राटदाराला त्या सड्यावर चिरेखाण काढायची होती. जांभ्याचे चिरे कापून बांधकामाला विकायचे. सडा मामा आणि त्यांच्या तीन भावांच्या सामाईक मालकीचा. तिघं भाऊ मुंबईला, त्यांनी संमती देऊन टाकली होती. राहिली फक्त मामांची सही. खाण निघाली की वरचा कातळ जाणार, झिरपणारं पाणी जाणार आणि मार्चमध्येच विहीर तळ दाखवणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी पत्रक लिहिलं. दुसरं लिहिलं. शाळेत सभा घेतली. सभेला मामा आले, तेही घडीचा शर्ट घालून आणि पहिल्या बाकावर, तेव्हा माझा ऊर भरून आला. मी पाण्यावर बोलले, गुरांच्या चरणीवर बोलले, येणाऱ्या पिढ्यांवर बोलले. ‘लढून घेऊ, भीक मागून नाही!’ असंही मी म्हणाले. टाळ्या पडल्या. मग विचारलं, कुणाला काही बोलायचंय? मामांनी हात वर केला. उभे राहिले. खाकरले.

‘त्या लोकांनी मोजणीची खुंटी मारलीय,’ मामा भरल्या आवाजात म्हणाले, ‘बरोबर पाचव्या वळणात.’

आणि बसले. सभा हसत हसत फुटली ती पुन्हा जमली नाही.

कंत्राटदार पस्तिशीचा, गोड बोलणारा माणूस. मामांचा नाद त्याच्या कानावर गेला होता. पुढच्या आठवड्यात तो दुबईहून मागवलेली कोरी गाडी खोक्यात घालून मामांच्या ओटीवर हजर झाला. ‘काका, तुमच्यासाठी.’ लाच म्हणतात ती हीच, हे मी मागच्या दारातून ऐकत होते आणि दात-ओठ खात होते. मामांनी खोका उघडला. गाडी बाहेर काढली, उलटी केली, चाक फिरवून कानाशी नेलं. मग परत खोक्यात ठेवून म्हणाले, ‘फुकटची गाडी पोरांना देतात. तू चालव, मी बघतो.’ माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. ते दोन मिनिटं टिकलं. कारण कंत्राटदाराने गाडी सुरू केली, मामांनीही आपला रिमोट उचलला, आणि मामांनी खटका दाबताच कंत्राटदाराची गाडी ओटीवरून उडी मारून परसात पळाली आणि केळीच्या पाटात जाऊन पालथी झाली. दोन्ही गाड्यांची लहर एकच होती. प्रत्येक रिमोटमध्ये क्रिस्टल नावाचा एक चिमुकला तुकडा असतो आणि त्याचा जोड गाडीत, ती जोडी दोघांची सारखी असली की कुणीही कुणाची गाडी हाकू शकतो. मामा गेले आणि कपाटातून क्रिस्टलची दुसरी जोडी घेऊन आले. हर्णैच्या जोडीदाराची. बोट सोडताना त्याने दिलेली. ती त्यांनी स्वतःच्या हाताने कंत्राटदाराच्या रिमोटमध्ये आणि गाडीत बसवली. पाटातली गाडी पुसली. आणि मग लहान मुलाच्या आवाजात विचारलं, ‘लावतोस का शर्यत?’

‘लावू की. पण काका, मला त्यात काय मिळणार?’

मामा म्हणाले, ‘तू जिंकलास तर सही देतो. हरलास तर सडा सोडायचा.’

तो गेल्यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ‘अख्ख्या वाडीचं पाणी तुम्ही पैजेला लावलंत? ज्याची नियत आपल्याला माहीत आहे त्याच्याशी? नुसतं नाही म्हणायचं होतं! दोन अक्षरं!’

‘नाहीच म्हणणार होतो गो,’ मामा चाकावरची माती काढत म्हणाले. ‘पण समोर दुसरी गाडी बघून किती वर्षं झाली, ठाऊक आहे? एकट्याने पळवायची म्हणजे... चहा एकट्याने पिण्यासारखं आहे ते. पितो माणूस. पण.’

‘आणि हरलात तर?’

‘सभेत तूच म्हणालीस ना, लढून घेऊ? मग लढतोय की.’

मी मामीकडे वळले. मामी तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, ‘माझ्याकडे काय बघतेस? सोळा वर्षं तरी ट्रंकेत ठेवली होती मी. तुम्हा पत्रकवाल्यांना एक सडा ठेवता येत नाय.’

शर्यत ठरली ती डिसेंबरातल्या एका रविवारी, सकाळी. तीन डाव, दोन जिंकेल तो खरा. रत्नागिरीच्या मानाने थंडी कडक होती. सड्यावर धुकं होतं, गवतावर दव होतं, आणि निम्मी वाडी कांबळी-मफलर गुंडाळून आली होती. माझ्या सभेला इतकी माणसं कधी आली नव्हती, हेही मी नोंदवून ठेवते. मामी आयुष्यात पहिल्यांदा गाडी बघायला सड्यावर आली, हातात चहाचा थर्मास. ‘सही करायची असेल तर मी असायला नको?’

पहिला डाव सुटला आणि मामांची गाडी बेडकासारखी उड्या मारू लागली. कातळावरचा बारीकसा खळगा आला तरी टुणकन वर उडे आणि कुठेही पडे. सरळ जागेत तिरकी, वळणात पालथी. कंत्राटदाराची गाडी तेलावर सोडल्यासारखी निघून गेली. पहिला डाव गेला. मामांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी गाडी उचलली, चारही चाकांवरचे शॉकअप बोटाने दाबून बघितले. करंगळीएवढ्या त्या नळ्या. आत तेल असतं, त्यानेच धक्के गिळले जातात. एकही हलेना.

‘जाम झालेत,’ मामा पुटपुटले. ‘कालच नवीन तेल घातलं.’

‘कुठलं तेल?’ मामीने विचारलं.

‘खरं संपलं होतं. तुझ्या बाटलीतलं घातलं.’

‘खोबरेल?’

मामांनी गाडी उलटी धरली.

‘अहो, खोबरेल!’ मामीचा आवाज सड्याच्या टोकापर्यंत गेला असेल. ‘रोज सकाळी मी बाटली उन्हात ठेवते ती काय तिला हवा खायला? थंडीत गोठतं ते! उभी हयात इंजिनात काढलीत आणि एवढं कळत नाय? आणा इकडे!’

आणि मामी त्या थंडगार कातळावर मांडी घालून बसली. गाडी मांडीवर घेतली. थर्मासचं झाकण भरून चहा ओतला, दोन्ही तळहात त्या झाकणाभोवती धरून तापवले आणि एकेक नळी तळव्यांत धरून चोळू लागली. हात निवले की पुन्हा झाकण, पुन्हा नळी. केसांना लावायच्या आधी बाटली चोळतात तसंच, तितक्याच सवयीने. निम्मी वाडी बघत होती. मामा बाजूला उकिडवे बसले होते. त्यांनी तिला सांगितलं नाही की कुठे धरायचं, आणि तिनेही विचारलं नाही.

‘काकी,’ कंत्राटदार चुळबुळत म्हणाला, ‘हे नियमात बसतं का?’

‘नियम कुणी लिहिलेत, तुझ्या आजोबाने? बस खाली. चहा घे.’

तो बसला. त्याने चहा घेतला. तोवर ऊन वर आलं होतं, आणि काळा कातळ उन्हात किती लवकर तापतो हे आमच्याकडच्या कुठल्याही अनवाणी माणसाला विचारा. दुसऱ्या डावात मामांची गाडी पहिल्या दोन वळणांत अडखळली, तिसऱ्यात सुधारली आणि मग कातळाला चिकटून अशी धावली की माझ्या तोंडून ‘हाण!’ असा शब्द गेला. तो मी परत घेत नाही. एक-एक अशी बरोबरी झाली. तिसऱ्या डावात दोन्ही गाड्या शेवटच्या फेरीत जोडीने पाचव्या वळणात शिरल्या. मामांची आतून. कंत्राटदाराची बाहेरून, जिथे त्याच्याच माणसांनी मारलेली मोजणीची खुंटी उभी होती. ‘खाट्’ असा आवाज झाला. एक चाक सुटून गडगडत गुरांत गेलं. मामांची गाडी एकटीच चुन्याची रेघ ओलांडून आली.

वाडीने ओरडून सडा डोक्यावर घेतला. मामा मात्र आधी त्या मोडक्या गाडीकडे धावले. ‘घाबरू नको, दांडाच वाकलाय, मी बांधून देतो,’ असं ते कंत्राटदाराला सांगत होते, आणि तो गाडी सोडवायला स्वतःची खुंटी स्वतःच्या हाताने उपटत होता.

त्याने शब्द पाळला, हे मला मान्य करावं लागतं. खाण त्याने दुसऱ्या डोंगरावर काढली. तिथे मी वेगळं पत्रक घेऊन गेले आणि त्या वाडीत गाडीवाला मामा नसल्यामुळे ती लढाई रीतसर लढले. इथली हकिगत मात्र कुठल्या पत्रकात घालावी हे मला अजून कळलेलं नाही. ‘सडा वाचला, लोकांच्या एकजुटीचा विजय’ असं एक मी छापलं होतं. मामांनी ते अथपासून इतिपर्यंत वाचलं आणि म्हणाले, ‘छान लिहिलंस. पण ह्यात वळण कुठे आहे?’ संतापाची गोष्ट म्हणजे तो कंत्राटदार आता रविवारी सकाळी मामांकडे येतो, ओटीवर बसून मामीच्या हातच्या आंबोळ्या खातो आणि मला ‘ताई, नवीन काय छापलंत?’ असं विचारतो. मी उत्तर देत नाही. आंबोळ्या मात्र मीही खाते, कारण त्या मामीच्या आहेत, त्याच्या नव्हेत.

त्याने मुंबईहून शॉकअपचं खरं तेल आणून दिलं, एक सोडून तीन बाटल्या. कुठल्याही थंडीत न गोठणारं. त्या बाटल्या कपाटात तशाच आहेत, झाकणाचं सीलही फोडलेलं नाही. मी एकदा वैतागून विचारलं, ‘अहो मामा, चांगलं तेल घरात असताना दर थंडीत हा खोबरेलाचा गोंधळ कशाला?’ मामा म्हणाले, ‘त्याला वास नाय गो.’ एवढा शिकलासवरलेला, अर्धं जग फिरलेला माणूस, आणि यंत्राच्या तेलाला वास शोधतो! आता त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय. पाचव्या वळणापलीकडची गाडी त्यांना नीट दिसत नाही, म्हणून मामी तिथे लाल पदर खोचून उभी राहते आणि ‘आली... आली... वळवा!’ असं ओरडते. उशीर झाला तर भांडण होतं, आणि ते खाली विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायकांनाही ऐकू येतं.

परवा थंडीत मी सकाळी लवकर मामांकडे गेले होते, नव्या पत्रकाचा मजकूर दाखवायला. ओटीवर कुणी नव्हतं. पूर्वेकडच्या पायरीवर कोवळं ऊन नुकतंच उतरलं होतं. मामीने रोजच्यासारखी खोबरेलाची बाटली तिथे ठेवलेली होती. बाटलीच्या शेजारी, चाकांखाली एक जुनं फडकं घालून, गाडीही ठेवली होती. दोघी उन्हाकडे तोंड करून. मी मजकूर पिशवीतच ठेवला आणि त्यांच्यावर सावली पडणार नाही अशी खालच्या पायरीवर बसले.